मत न्यायला दारात येता, मग हयातीचा दाखला न्यायला का नाही?

अहमदपूरकरांनो, जरा २०२४ साल आठवा.

७ मे ला आपल्या लातूर लोकसभेचं मतदान होतं. त्या निवडणुकीत आयोगानं एक चांगलं काम केलं. ८५ वर्षांवरचे म्हातारे आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले मतदार, यांना घरी बसून मत द्यायची सोय लोकसभेला देशभर पहिल्यांदाच दिली. १२-ड नावाचा एक फॉर्म भरून द्यायचा, बस्स. मग मतदान अधिकारी, पोलीस, शूटिंगवाला असं सगळं पथक दारात. खाटेवरच्या माणसासमोर आडोसा करून गुप्त मतदान. नोव्हेंबरात विधानसभेला पुन्हा तीच सोय.

सोय चांगलीच होती. तिला नावं ठेवायला ही पोस्ट लिहीत नाही. पण एक प्रश्न तेव्हापासून डोक्यात फिरायलाय, तो आज सरळ विचारतो.

ज्या माणसाला मतदान केंद्रापर्यंत चालता येत नाही हे सरकारला मान्य आहे, त्याच माणसाला तहसीलपर्यंत चालता येतं हे सरकारनं कशावरून ठरवलं?

कारण त्याच माणसानं संजय गांधी निराधार योजनेसाठी दरवर्षी "मी जिवंत आहे" हे सिद्ध करायचं. हयातीचा दाखला द्यायचा. उत्पन्नाचा दाखला काढायचा. बँकेत आधार जोडायचं. डीबीटी झाल्यापासून तर आधारचं एक अक्षर इकडचं तिकडं असलं की पैसे अडकले. मग ऑटो करा, कुणाला तरी सोबत न्या, रांगेत बसा. ज्याला हाताला बोटं नाहीत त्यानं अंगठा कुठला द्यायचा, हे त्यानं स्वतःच खिडकीवर समजावून सांगायचं.

म्हणजे मत पाहिजे असलं की सरकारला गल्ली सापडते, घर सापडतं, खाट सापडते. हक्क द्यायची वेळ आली की तुम्हीच आमचं दार शोधत या.

यात "यंत्रणा नाही" हे उत्तर चालणार नाही. यंत्रणा आहे, आपण डोळ्यांनी पाहिली. आणखी एक उदाहरण देतो. त्याच २०२४ च्या उन्हाळ्यानंतर लाडकी बहीण योजना आली. अंगणवाडी ताई घरोघर गेल्या, मोबाईलवर फॉर्म भरले, आणि काही महिन्यांत दोन कोटींहून जास्त बहिणींच्या खात्यात महिना १,५०० रुपये पडायला लागले. बहिणींना मिळालं याचं दुःख नाही, आनंदच आहे. पण एवढं मोठं काम इतक्या झटपट होतं, तर तालुक्यातल्या मोजक्या दिव्यांगांच्या घरी वर्षातून एकदा जाऊन एक नोंद करायला काय अडचण आहे? निवृत्त सरकारी कर्मचाऱ्याच्या घरी पोस्टमन येऊन मोबाईलवर हयातीचा दाखला करून देतो. ही सोय कितीतरी वर्षांपासून आहे. मग ज्याचे पायच चालत नाहीत त्याच्या घरी का नाही?

आता काही जण म्हणतील, "सरकार देतंय की अडीच हजार. अजून किती द्यायचं?"

बरं, हिशोब करू.

जुलै २०२३ पासून दिव्यांगांना १,५०० रुपये होते. जून २०२५ मध्ये बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले. कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना ६,००० रुपये द्या ही त्यांची मागणी होती. त्यानंतर सरकारनं हजार रुपये वाढवले आणि ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० केले. म्हणजे दिवसाला ८३ रुपये. चहा-नाष्टा, गोळ्या, ऑटो, सगळं ८३ रुपयांत बसवायचं. यातला केंद्राचा वाटा किती? ३०० रुपये. तोही सगळ्यांना नाही, दारिद्र्यरेषेखालच्या ८० टक्के अपंगत्व असलेल्यांनाच. आणि हा ३०० चा आकडा २०१२ पासून हललेला नाही. तेलाचा डबा २०१२ ला केवढ्याला होता, घरच्यांना विचारा.

बरं, हे २,५०० तरी कुणाला? ज्याच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० च्या आत आहे त्याला. राज्यात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये होती. घरात एका माणसानं १६१ दिवस मजुरी केली की ५०,२३२ रुपये होतात. झालं, ५०,००० च्या वर गेलात. म्हणजे बापानं सहा महिने सुद्धा काम केलं नाही तरी मुलगा अपात्र. मग माणूस काय करतो? कमी उत्पन्नाचा दाखला मिळवायला हातापाया पडतो. सरकारच त्याला खोटं बोलायला लावतं आणि वरून त्यालाच बोगस म्हणतं.

आता शेजारी बघा. आपल्या नांदेडच्या धर्माबाद, बिलोली, देगलूर पट्ट्यातल्या गावांनी "आम्हाला तेलंगणात घाला" अशी मागणी केली होती, ते तुम्ही वाचलंच असेल. उगाच नाही केली. तेलंगणात २०२३ पासून दिव्यांगांना महिन्याला ४,०१६ रुपये आहेत. आंध्रात जुलै २०२४ पासून ६,०००, आणि अंथरुणाला खिळलेल्याला १५,०००. आणि नुसती रक्कम बघू नका, देण्याची पद्धत बघा. आंध्रात महिन्याच्या एक तारखेच्या आसपास सरकारी कर्मचारी पेन्शन घेऊन घरी जातो. पैसा घरपोच. म्हणजे जे मी मागायलोय ते काही स्वप्न नाही, दोन राज्यं पलीकडं रोजचं काम आहे.

दुसरा आक्षेप ठरलेला. "दिव्यांगांत बोगस लई झालेत."

झालेत. कोण झालेत ते पण बघू. २०२४ मध्ये देशभर गाजलेलं पूजा खेडकर प्रकरण आपल्याच राज्यातलं. आरोप अपंगत्वाच्या सवलतीचा गैरफायदा घेतल्याचा, आणि पद भारतीय प्रशासन सेवेतलं. २०२५ मध्ये तुकाराम मुंढे दिव्यांग कल्याण विभागाचे सचिव झाले आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांच्या पडताळणीचे आदेश निघाले. ते चांगलंच झालं. पण लक्षात घ्या, संशय होता तो नोकरी, बढती, बदली यासाठी काढलेल्या प्रमाणपत्रांवर. म्हणजे ज्यांच्याकडं ओळख आहे, पैसा आहे, त्यांच्यावर. किनगावच्या नाहीतर अंधोरीच्या बाजारात कुबडी टेकवत भाजी विकणाऱ्यावर नाही. चोरी केली वरच्यानं आणि झडती घ्यायलेत खालच्याची.

आणि बोगस शोधायचा सगळ्यात सोपा उपाय कोणता? घरी जाऊन बघणे! दारात गेलात की कळतं ना कोण चालतो आणि कोण नाही. घरपोच सेवेनं बोगस वाढत नाहीत, उघडे पडतात.

एक गोष्ट सांगतो. नाव-गाव लिहीत नाही, त्या माणसाला अजून त्याच खिडक्यांवर जायचंय. चाळिशी पार केलेला गडी, लहानपणी पोलिओ, एका पायाला कॅलिपर. जुनं प्रमाणपत्र होतं, ते आता ऑनलाइन यूडीआयडी कार्डात बदलून घ्यायचं होतं. पहिल्या खेपेला सांगितलं, आज तपासणीचा दिवस नाही. दुसऱ्या खेपेला डॉक्टर रजेवर. तिसऱ्या खेपेला काम झालं, पण कागद जमा करायची खोली पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. त्यानं कागद पायरीवर बसलेल्या एका अनोळखी पोराच्या हाती वर पाठवले. मला म्हणाला, "दादा, माझा पाय गेला हे सगळ्या गावाला माहितीय. फक्त सरकारलाच दर टायमाला नव्यानं दाखवावं लागायलंय."

या वाक्यावर मी काही बोलू शकलो नाही.

कायदा काय म्हणतो ते ऐका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, यात २१ झाले. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणात ५ टक्के, गरिबी निर्मूलनाच्या योजनांत आणि जमीनवाटपात ५ टक्के. आणि कलम ४५ म्हणतं, आधी बांधलेल्या सगळ्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत दिव्यांगांना वापरता येतील अशा करा. नियम जून २०१७ ला निघाले. म्हणजे मुदत जून २०२२ ला संपली. त्याला आता किती वर्षं झाली ते बोटावर मोजा, आणि मग आपल्या आजूबाजूची कार्यालयं, बँका, शाळा, दवाखाने नजरेसमोर आणा.

८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं राजीव रतुरी खटल्यात सरकारचे कान धरले. सुगम्यतेचे निकष नुसते "करा जमलं तर" असे सूचनावजा ठेवता येणार नाहीत, सक्तीचे करा, असं सांगितलं आणि त्यासाठी केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. म्हणजे रॅम्प ही साहेबाची मेहेरबानी नाही, देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेली गोष्ट आहे.

रॅम्पवरून आठवलं. आपल्याकडं रॅम्प म्हणून जे असतं ते बहुतेक ठिकाणी मोटारसायकल वर चढवायची उतरण असते. निकष साधा आहे, एकास बारा. ओटा एक फूट उंच असेल तर उतार बारा फूट लांब पाहिजे. दोन फूट असेल तर चोवीस फूट. दोन्ही बाजूला धरायला कठडा. याहून उभा असेल तर व्हीलचेअरवरचा माणूस स्वतःच्या हातानं चढू शकत नाही, आणि उतरताना तोंडावर पडतो. उद्या टेप घेऊन जा आणि तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीचा, शाळेचा, बँकेचा रॅम्प मोजा. मोजायला परवानगी लागत नाही. फोटो काढा, कमेंटमध्ये टाका, खाली ठिकाण, उंची आणि लांबी लिहा. आपणच यादी करू.

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी मन की बातमध्ये "विकलांग" ऐवजी "दिव्यांग" म्हणा असं सुचवलं. त्याच महिन्यात सुगम्य भारत अभियान सुरू झालं. ३ डिसेंबर २०२२ ला आपल्या राज्यानं दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला, देशात पहिला म्हणून पाठ थोपटून घेतली. शब्द बदलला, पाटी बदलली, विभाग झाला. पायरी मात्र तेवढीच उंच राहिली. एसटीचंच बघा. तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, पण बसची पहिली पायरी गुडघ्याएवढी. सवलत घ्यायला आधी चढता आलं पाहिजे ना!

मग म्हणतात, "आमच्या गावात असे लोक फारसे दिसत नाहीत." दिसतील कसे? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. शंभरात अडीचहून जास्त. हजार लोकवस्तीच्या गावात सरासरी २६ माणसं. तुमच्या गावात २६ दिसतात का? नाही दिसत, कारण ते घरात आहेत. पायऱ्यांनी, चिखलानं, आणि "कशाला फिरतोस उगं, बस की घरी" या आपल्या बोलण्यानं त्यांना घरात ठेवलंय.

आणि हे दुसऱ्या कुणाचं दुखणं आहे असं समजू नका. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपला जिल्हा विसरलेला नाही. किल्लारीच्या ढिगाऱ्यातून निघालेल्या कित्येकांचे हातपाय, कणे कायमचे गेले. आज नांदेड-लातूर हायवेवर गाडी घसरायला एक सेकंद लागतो. सोयाबीनच्या सुगीत मळणी यंत्रात हात जायला तेवढाही लागत नाही. शेतकरी बांधवांनो, घरात असं काही झालं तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. एक हात, पाय किंवा डोळा निकामी झाला तर १ लाख, दोन गेले तर २ लाख. तालुका कृषी कार्यालयात लगेच अर्ज करा, उशीर करू नका. आणि यातून वाचलात तरी म्हातारपण काही चुकत नाही. एकास बाराचा रॅम्प सत्तरीत तुम्हालाच लागणार आहे.

आता पैशाचं. "निधी नाही" हे वाक्य तर ऐकूच नका. ग्रामपंचायत, नगर परिषद, पंचायत समिती, जिल्हा परिषद, सगळ्यांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा राज्याचा आदेश आहे. पूर्वी ३ टक्के होते, ते ५ झाले. तुम्ही भरलेल्या घरपट्टी, नळपट्टीतला हा वाटा आहे. तो कुणाच्या खिशातला नाही. मग तो खर्च झाला का, कुणावर झाला, किती झाला, हे फळ्यावर लिहायला लाज कसली? दिवाळीच्या तोंडावर दोन-चार जणांना बोलवायचं, हातात पाकीट द्यायचं, फोटो काढायचा, हे वाटप झालं. हक्काची रक्कम फोटोशिवाय खात्यात पडते.

२०२५ च्या पावसाळ्यात हडोळतीच्या म्हाताऱ्या शेतकरी जोडप्याचा व्हिडिओ देशभर फिरला. बैल नाही म्हणून आजोबा स्वतः औत ओढायले होते. व्हायरल झाला, मग फोन आले, मदत आली. चांगलं झालं. पण आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक दिव्यांगानं काय स्वतःचा व्हिडिओ व्हायरल व्हायची वाट बघायची? व्हायरल झाल्यावर मिळते ती दया. न मागता वेळेवर मिळतो तो हक्क.

म्हणून मागण्या साध्या आहेत. यातली एकही अशी नाही की मंत्रालयात वर्षभर फाईल फिरावी लागेल.

१. हयातीच्या दाखल्यासाठी ८० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्या एकाही माणसाला कार्यालयात बोलवू नका. तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी ताई, पोस्टमन, कुणीही घरी जाऊन नोंद करा. निवडणुकीची यादी तुमच्याकडं आहेच.

२. अपंगत्व तपासणीचं पथक महिन्यातून एक ठरलेला दिवस अहमदपूरला बसवा. तारीख वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करा. साठ-सत्तर किलोमीटर लातूरला जाऊन "आज डॉक्टर नाहीत" ऐकायची पाळी कुणावर येऊ नये. एक डॉक्टर इकडं येणं सोपं की शंभर दिव्यांग तिकडं जाणं?

३. दिव्यांगांचं कोणतंही काम तळमजल्यावर. लिफ्ट बसवायला पैसे नसतील तर टेबल खाली आणा. टेबल हलवायला टेंडर लागत नाही.

४. ५ टक्के निधीचा हिशोब प्रत्येक ग्रामपंचायतीनं आणि नगर परिषदेनं दर्शनी भागात लावा. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती.

५. नवीन रंग, नवीन कमान, नवीन फलक लावायच्या आधी एकास बाराचा रॅम्प आणि व्हीलचेअर आत जाईल असं एक शौचालय.

आपले आमदार बाबासाहेब पाटील साहेब राज्याच्या मंत्रिमंडळात आहेत. तालुक्याला असं वजन रोज मिळत नाही. साहेब, पाचपैकी पहिल्या तीन मागण्या तुमच्या एका बैठकीत होण्यासारख्या आहेत. अहमदपूर तालुक्यात करून दाखवा, राज्याला नमुना मिळेल. केलंत तर याच पानावर पहिलं कौतुक मी लिहीन.

आणि आपण काय करायचं? नुसतं "बरोबर आहे" असं कमेंटला लिहून मोकळं होऊ नका. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा, आपल्या गावच्या ५ टक्के निधीचा तीन वर्षांचा हिशोब मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढच्या ग्रामसभेत हा विषय उभं राहून विचारा आणि प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. दाद लागत नसेल तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथं लेखी तक्रार करा. अर्ज लिहायला अडचण असेल तर मला मेसेज करा, नमुना पाठवतो.

पुढच्या निवडणुकीला उमेदवार पुन्हा गल्लीत येतील. खाटेवरच्या आजीच्या पाया पडतील, व्हीलचेअरवरच्या पोराबरोबर सेल्फी काढतील. तेव्हा एवढंच विचारा, "मागच्या वेळेला मत न्यायला आलात. मधल्या पाच वर्षांत किती वेळा आलात?"

उत्तर नसेल तर दार कुणाला उघडायचं, ते आपल्या हातात आहे.